बार चौरस असला की छर्रे नीट जातात का? गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं गणित

छर्ऱ्याच्या बंदुकीवर चार जाणकार बोलायला लागले की एक वाक्य हमखास येतं, बार चौरस पाहिजे. म्हणजे काय, तर नळीत भरलेल्या छर्ऱ्यांच्या थराची उंची नळीच्या व्यासाएवढी असावी, नळी उभी चिरून बाजूने बघितली तर तो थर चौरस दिसावा, आणि असा बार सुटला की छर्रे सगळीकडे सारखे पसरतात, मध्ये रिकाम्या जागा राहत नाहीत. २८ बोरच्या बंदुकीत पाऊण औंस छर्रे एवढे छान का चालतात याचं कारण म्हणूनही हेच सांगितलं जातं. या वाक्यामागे जवळपास तीनशे वर्षांची मोजमापं आहेत आणि ती मोजमापं नीट लावून बघितली तर वाक्य अर्धंच खरं निघतं. कुठलं अर्धं, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

आधी बंदूक समजून घेऊ. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीत तसलं काही नसतं, आतून साधा पाइप. त्यात एक मोठी गोळी घाला किंवा शेकडो छर्रे घाला. नळीचा बोर नंबर ठरतो तो असा, एक पौंड शुद्ध शिसं घ्यायचं आणि त्याचे नळीत बरोबर बसतील असे सारखे गोळे करायचे, जितके गोळे होतील तो नंबर. बारा झाले तर बारा बोर, व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर. वीस बोरचा १५.६, अठ्ठावीसचा १४ च्या आसपास. म्हणजे नंबर वाढला की नळी बारीक होते. .४१० ची बंदूक तेवढी या हिशोबात नाही, तिचा आकडा सरळ इंचातला व्यास आहे.

आता १७४२ साल. बेंजामिन रॉबिन्स नावाचा इंग्रज गणिती, त्याने एक अगदी साधं यंत्र वापरून सगळा विषय पालटून टाकला. तोपर्यंत गोळी किती वेगाने सुटते हे कुणी धड मोजू शकत नव्हतं, डोळ्याला दिसत नाही आणि सेकंदाचा बारीक भाग मोजणारं घड्याळही नाही. रॉबिन्सने काय केलं, लाकडाची फळी लावलेला एक जड लोलक टांगला, सगळा मिळून ५६ पौंडांच्या आसपास, आणि त्यावर बंदूक झाडली. गोळी फळीत रुतते आणि लोलक मागे जातो, किती मागे गेला ते खालून ओढल्या जाणाऱ्या फितीवर कळतं. गोळी पौंडाचा बारावा भाग, म्हणजे लोलक गोळीच्या पावणेसातशे पट जड, त्यामुळे गोळीचा वेग त्याच प्रमाणात कमी होऊन लोलकाला मिळतो. ढोबळ हिशोबात सेकंदाला १७०० फुटांनी आलेली गोळी लोलकाला सेकंदाला अडीच फुटांचा वेग देते, आणि अडीच फूट मोजणं कुणालाही जमेल. न मोजता येणारी गोष्ट मोजता येणाऱ्या गोष्टीत कशी बदलायची याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पण खरा धक्का पुढे होता. रॉबिन्सने लोलक बंदुकीपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवून बघितला आणि त्याला दिसलं की वेग फार झपाट्याने उतरतोय. तोपर्यंत बहुतेक लोक धरून चालले होते की शिशासारख्या जड गोळीला हवेचा विरोध तो काय होणार, गोळीचा मार्ग म्हणजे गॅलिलिओने सांगितलेला पॅराबोला, विषय संपला. रॉबिन्सचा आकडा निघाला तो असा की पूर्ण वेगात असताना मस्केटच्या, म्हणजे त्या काळच्या सैनिकी बंदुकीच्या, गोळीवर हवा जवळपास दहा पौंडांचा जोर लावते, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण १२० पट! जगातल्या मोठ्यात मोठ्या गणितींपैकी एक, ऑयलर, याने रॉबिन्सच्या या विषयावरच्या पुस्तकाचं १७४५ मध्ये जर्मनमध्ये भाषांतर केलं आणि स्वतःची भली मोठी टिपणं जोडली, त्यावरून कामाचं वजन कळतं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास किनाऱ्यावर तटबंदीच्या कामाला आला आणि १७५१ मध्ये इथेच वारला.

त्याचा आणखी एक प्रयोग छर्ऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी कधी डावीकडे कधी उजवीकडे का जाते, हा जुना प्रश्न. रॉबिन्स म्हणाला गोळी नळीच्या आत एका बाजूला घासते, त्याने तिला फिरकी मिळते, आणि फिरणाऱ्या गोळीला हवा बाजूला ढकलते. हे दाखवायला त्याने एक नळी मुद्दाम टोकाशी डावीकडे वाकवली आणि समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी वाकलेल्या नळीमुळे सुरुवातीला डावीकडे गेली आणि मग पुढच्या पडद्यांवर वळून उजवीकडे आली, कारण वाकलेल्या भागात ती उजव्या भिंतीला घासत गेली होती. आता हेच एका गोळीऐवजी चारशे छर्ऱ्यांना लावा, प्रत्येकाचा आकार जरा वेगळा, घासणं वेगळं, फिरकी वेगळी. छर्रे पसरतात यात आश्चर्य काहीच नाही, उलट इतके एकत्र कसे राहतात याचंच नवल वाटायला पाहिजे.

गोल छर्रा सरळ जातो आणि वेडावाकडा छर्रा भरकटतो, या एका गोष्टीभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो. म्हणून तर ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सचं १७८२ चं पेटंट एवढं महत्त्वाचं. वितळलेलं शिसं, त्यात थोडं आर्सेनिक, चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतो आणि घट्ट होतो. यासाठी उंचच्या उंच मनोरे बांधले गेले, त्यातले काही अजून उभे आहेत.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात बार भरायचा एक सोपा नियम होता, एकच माप घ्यायचं, ते भरून दारू आणि तेच भरून छर्रे. ऐकायला अडाणी वाटतं पण आकडे घालून बघा. बारा बोरचा जुना नेहमीचा बार म्हणजे तीन ड्रॅम काळी दारू आणि सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छर्रे. तीन ड्रॅम म्हणजे ५.३ ग्रॅम, काळ्या दारूची सैल घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे साडेपाच घनसेंटिमीटरच्या आसपास जागा. छर्रे ३२ ग्रॅम, मधल्या पोकळ्या धरून त्यांची घनता साडेसहा, म्हणजे पाच घनसेंटिमीटर. जवळजवळ सारखंच! (हे फक्त काळ्या दारूचं आहे बरं का, बिनधुराच्या दारूला हा नियम लावणं म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण.) हाच जुना बार अजून काडतुसाच्या खोक्यावर जिवंत आहे, अमेरिकन खोक्यांवर "ड्रॅम इक्विव्हॅलंट" लिहिलेलं असतं, म्हणजे आत काळी दारू नाही पण तेवढ्या काळ्या दारूने मिळाला असता तो वेग मिळतो. तीन ड्रॅमचा हा बार म्हणजे सेकंदाला १२०० फूट, साधारण ३६५ मीटर.

मग दारू जास्त घातली तर? काळ्या दारूचं वैशिष्ट्य म्हणजे जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, धूर आणि काजळी होऊन जातो. नोबल आणि एबल या दोघांनी १८७५ मध्ये बंद भांड्यात दारू जाळून हे नीट मोजलं. त्यामुळे दारू वाढवली तरी वेग त्या मानाने वाढत नाही, खांद्याला बसणारा धक्का मात्र वाढतो, आणि नळीच्या तोंडाशी वायूचा दाब जास्त उरला की मागचा डट्टा, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्या मधलं बूच, छर्ऱ्यांच्या मधोमध घुसून त्यांना बाजूला उधळतो. शिवाय जो काही वेग वाढला त्यातला अर्धाही चाळीस यार्डांवर उरत नाही, हवा खाऊन टाकते.

हवा इतकं का खाते ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. हवेचा विरोध छर्ऱ्याच्या समोरच्या क्षेत्रफळावर असतो, म्हणजे व्यासाच्या वर्गावर, आणि त्याचं वजन व्यासाच्या घनावर. व्यास निम्मा केला तर विरोध चौथा भाग होतो पण वजन आठवा भाग होतं, म्हणजे वजनाच्या तुलनेत विरोध दुप्पट झाला. रॉबिन्सच्या पाऊण इंची गोळीलाच हवा १२० पट जोराने अडवत होती, तर अडीच मिलिमीटरच्या छर्ऱ्याचं काय होत असेल! नळीतून निघताना त्याच्यावर वजनाच्या तीनशे पटीहून जास्त विरोध असतो आणि चाळीस यार्डांवर, म्हणजे ३६ मीटरवर, वेग जवळपास निम्मा होतो. याच कारणाने फ्रेंच लष्करी अधिकारी जुर्ने यांचा नियम निघतो. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खूप चाचण्या घेतल्या आणि सांगितलं की शिशाच्या गोल छर्ऱ्याचा इंचातला व्यास गुणिले २२०० केलं की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते येतं. मेट्रिकमध्ये म्हणायचं तर व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण ७९ मीटर. पावणेतीन मिलिमीटरचा छर्रा सव्वादोनशे मीटरच्या आत पडतो. गंमत म्हणजे या नियमात सुटतानाचा वेग कुठेच नाही, कारण जास्तीचा वेग हवा सुरुवातीलाच काढून घेते, उरतो तो फक्त आकार. गोळीबाराच्या मैदानांभोवती किती जागा मोकळी सोडायची हे ठरवताना अजूनही हा हिशोब कामाला येतो.

आता चौरस बाराकडे येऊ. छर्रे शून्यापासून ३६५ मीटर वेगापर्यंत जातात ते फक्त पाऊण मीटरच्या नळीत. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट, आणि दाब शिखरावर असतो त्या क्षणी पन्नास हजार पट वगैरे. त्या क्षणी वरच्या छर्ऱ्यांचा सगळा भार खालच्या थरावर येतो, भरलेल्या लोकलमध्ये अचानक ब्रेक लागला की पुढच्या माणसाचं जे होतं तेच तळाच्या छर्ऱ्याचं होतं. मऊ शिसं आहे, चेपणारच. आणि नळीच्या भिंतीला लागलेले छर्रे एका बाजूने घासून चपटे होतात. हे चेपलेले आणि घासलेले छर्रे हवेत भरकटतात, मागे राहतात, पॅटर्नच्या, म्हणजे निशाणावर उमटणाऱ्या छर्ऱ्यांच्या नक्षीच्या, कडेला जातात किंवा पूर्ण बाहेर.

आता तेवढेच छर्रे बारीक नळीत घाला. थर उंच होतो, भिंतीला लागणाऱ्या छर्ऱ्यांची संख्या वाढते, आणि तोच वेग द्यायचा तर जोर तेवढाच लागतो पण तो लावायला क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त लागतो. बारा बोरच्या नळीचं क्षेत्रफळ वीस बोरपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त आहे, म्हणजे त्याच बाराला त्याच वेगासाठी वीस बोरमध्ये तेवढा जास्त दाब. म्हणून थर जितका बुटका तितकं छर्ऱ्यांना बरं, हे शंभर टक्के खरं आहे. वाक्याचं खरं अर्धं ते हे.

पण "चौरस" हाच जादूचा आकडा का? तिथे भौतिकशास्त्रात काहीच खास घडत नाही. उंची व्यासाच्या ०.९ पट असली तर अजून बरं, १.१ पट असली तर थोडं वाईट, मध्ये कुठे पायरी नाही. आणि आकडे घालून बघितले की मजा येते. बारा बोरमध्ये चौरस बार म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे तोच जुना एक पूर्णांक एक अष्टमांश औंस, इथे परंपरा आणि गणित बरोबर जुळतं. सोळा बोरमध्ये चौरस येतो २४ ग्रॅमला, पण सोळा बोरचा नावाजलेला "चौरस" बार एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. वीस बोरमध्ये चौरस १९-२० ग्रॅम, परंपरा सांगते २५. आणि ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक त्या अठ्ठावीस बोरमध्ये चौरस येतो फक्त १४ ग्रॅमला, भरतात २१! तो थर व्यासाच्या दीडपट उंच आहे. आजच्या काडतुसात छर्रे ज्यात बसतात त्या प्लॅस्टिकच्या कपाची जाडी धरली तर आणखीच उंच. म्हणजे अठ्ठावीस बोर छान चालत असेल तर, आणि चालते हे अनेक लोक मनापासून सांगतात, त्याचं कारण चौरसपणा असूच शकत नाही. माझ्या मते तिथे खरं काम करतात ते कडक छर्रे, चांगला प्लॅस्टिक कप आणि हलका बार जास्त न ताणणं.

बार संतुलित आहे की नाही याला आणखी एक बाजू आहे, बंदुकीचं वजन. बर्मिंगहॅमचे बंदूक बनवणारे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने ९६ चा नियम सांगतात, बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. ३२ ग्रॅमला तीन किलो, पाऊण औंसाला दोन किलो. हा खांद्याचा नियम आहे, पॅटर्नशी त्याचा संबंध नाही, पण दिवसभर बंदूक हातात वागवणाऱ्याला तो पटतो.

पॅटर्न मोजायची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पक्की झाली. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार झाडायचा, ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजून टक्केवारी काढायची. साध्या सरळ नळीतून साधारण ४० टक्के छर्रे आत बसतात. मग आला चोक, म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळायचं, फुल चोक म्हणजे तरी जेमतेम एक मिलिमीटर, आणि टक्केवारी जाते सत्तरवर. याचं श्रेय कुणाचं यावर भांडणं आहेत, न्यूकॅसलच्या पेपचं १८६६ चं पेटंट आहे, अमेरिकेत फ्रेड किंबलचं नाव घेतात. पण १८७५ मध्ये लंडनला "द फील्ड" साप्ताहिकाने घेतलेल्या जाहीर चाचण्यांत ग्रीनरच्या चोक नळ्यांनी सरळ नळ्यांना मागे टाकलं आणि मग मागे वळून बघणं नव्हतं.

कागद मात्र एक गोष्ट लपवतो. छर्रे सगळे एकदम पोचत नाहीत, गोल छर्रे पुढे आणि चेपलेले मागे रेंगाळतात, म्हणजे ढग लांबट असतो, चाळीस यार्डांवर तीनेक मीटर लांबीचा. बंदुकीची दारू बनवणाऱ्या शुल्झ कंपनीच्या ग्रिफिथ यांनी १८८० च्या दशकात फिरत्या चकतीवर बार झाडून हे दाखवलं, चकती फिरत असल्याने मागून येणारे छर्रे पुढे सरकलेल्या जागी लागतात. शंभरेक वर्षांनी अमेरिकन लेखक बॉब ब्रिस्टर यांनी गाडीमागे ओढलेल्या कागदी निशाणावर हेच करून बघितलं. याने किती फरक पडतो? हिशोब करू, पक्षी सेकंदाला १८ मीटरने आडवा चाललाय, छर्रे २०० मीटरने, तीन मीटरचा ढग त्याला ओलांडून जायला सेकंदाच्या हजार भागांतले पंधरा भाग लागतात, तेवढ्यात पक्षी २७ सेंटिमीटर सरकतो. ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळासमोर हे अगदीच किरकोळ नाही पण नेम चुकायचं मुख्य कारण म्हणण्याएवढंही नाही. जुन्या पिढीतले इंग्रज बंदूक-लेखक बरार्ड हे फारसं महत्त्वाचं मानत नव्हते, ब्रिस्टर मानत होते, मला बरार्ड जास्त पटतात.

एका कागदावरून निकाल लावणं हा तर सरळ घातच. ओबरफेल आणि थॉम्पसन या दोघांनी १९५७ मध्ये ढीगभर पॅटर्न मोजून मांडलं की छर्रे घंटेच्या आकाराच्या वितरणाने पसरतात, मध्ये दाट आणि कडेला विरळ, आणि एकाच बंदुकीतले एकाच जातीचे दोन बार सारखे पडत नाहीत. ३९० छर्ऱ्यांतले ६० टक्के आत बसायचे असतील तर नुसत्या योगायोगाने दहा-वीस इकडचे तिकडे होतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मधली रिकामी जागा दिसली की लोक लगेच बार चौरस नव्हता म्हणतात, पण सारख्या बाराने दहा कागद झाडा, प्रत्येकात ती जागा वेगळीकडे सापडेल.

१९६० च्या दशकात एकसंध प्लॅस्टिकचे डट्टे (वॅड) आले, छर्रे कपात बसले, भिंतीला घासणं थांबलं, आणि कपाच्या बुडाशी असलेला चेपणारा भाग धक्का थोडा झेलायला लागला. शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कडक करणं त्याआधीपासून होतंच. उंच थराचे तोटे त्यामुळे बरेच कमी झाले.

आणि मग अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद झाले, कारण पाण्यात पडलेलं शिसं गिळून पक्षी मरत होते. लोक पोलादी छर्ऱ्यांकडे वळले आणि त्यातून चौरस बाराची आयतीच परीक्षा झाली. पोलाद हलकं, तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते, ३२ ग्रॅम पोलादी छर्ऱ्यांचा थर बारा बोरमध्ये अडीच सेंटिमीटर उंच होतो, व्यास १.८५, म्हणजे चौरसाच्या कितीतरी वर. चौरसाचा नियम खरा असता तर पॅटर्न फाटायला पाहिजे होते. झालं उलटं, पोलादी छर्रे कमी चोकमधूनही जास्त घट्ट पॅटर्न देतात आणि ढगही आखूड असतो, कारण पोलाद चेपतच नाही, प्रत्येक छर्रा नळीतून गोलच्या गोल बाहेर पडतो. हलके असल्याने हवेत लवकर दमतात एवढंच, म्हणून शिशापेक्षा एक-दोन मापांनी मोठे छर्रे घ्यावे लागतात.